काशीची सुपारी

आमच्या घरात वर्षातून एक दिवस खोटं बोलण्यासाठी राखून ठेवलेला असे. भाऊबीज झाली, करंज्यांचे डबे निम्मे झाले की आबा ओसरीवर लोडाला टेकून बसत, पानाचं तबक पुढं ओढत आणि मला हाक मारत, "दौत घे गं." मग वर्षभराचं खुशालीचं पत्र सुरू होई. आबा सांगणार, मी लिहिणार, आणि मसुदा झाला की त्याच्या बारा प्रतीही मीच काढणार. वालूर, जिंतूर, सेलू, परभणी, हैदराबाद, जिथं म्हणून आमचं सोयरं होतं तिथं एकेक प्रत जाई. तिकडं ते मोठ्यानं वाचलं जाई. वाचून झाल्यावर लोक काय बोलतात ते आबांना कधी कळलं नाही. मला ठाऊक होतं, कारण दोन वर्षं मी सासरी होते तेव्हा तिथंही एक प्रत येत असे, आणि ती ऐकताना माझी सासू पदर तोंडात कोंबून हसायची.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून दीड कोसावर. गावची पाटीलकी आमच्याकडे, आणि पाटीलकीबरोबर येणारा सगळा तोराही आमच्याकडेच. आबांना मोडीत सही करता यायची, तीही अशी वळणदार की पाहणाऱ्याला वाटावं, हा गृहस्थ रोज ग्रंथ वाचत असणार. प्रत्यक्षात चार ओळी वाचायच्या म्हटल्या तरी त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. मी लिहिलेलं ते कधी परत ऐकूनसुद्धा घेत नसत. "म्या सांगितलंय म्हंजी बराबरच आसंल," म्हणायचे आणि बाराही कागदांखाली सही ठोकायचे. मला अक्षर आलं ते थोरल्या भावाच्या शिकवणीमुळं. मास्तर त्याला शिकवायला यायचे, तो खिडकीतून चिमण्या मोजायचा, आणि मी दाराआड बसून धुळीत गिरवायची. त्या शिकवणीचा घरात एवढाच उपयोग झाला.

हा थोरला पुढं जिंतूरच्या तहसिलीत अहलकार झाला. अहलकार म्हणजे साधा कारकून, पण पत्रात त्याचं वर्णन "चिरंजीव तहसिलीचा कारभार पाहतात" असं असे. कारभार कसला पाहतो! तहसीलदार खोकले की हा पाणी आणी, ते उठले की हा उठे, ते हसले की का हसले ते न समजता हाही हसे. धाकटा हैदराबादला वकिलीची परीक्षा देत होता. देत होता म्हणजे देतच होता. एकाच परीक्षेला तो तीनदा बसला आणि तीनदा उठला. पत्रात मात्र "कायद्याचा अभ्यास सखोल चालू आहे" असं दरसाल लिहिलं जाई, आणि दरसाल ते खरंच होतं. सुट्टीत घरी आला की शेरवानी, रूमी टोपी आणि तोंडात अत्तरासारखी उर्दू. बैलांशीसुद्धा तो उर्दूत बोलायचा. बैल शहाणे, ते ऐकायचे नाहीत.

माझ्याबद्दल एक ओळ असे, "कन्या तूर्त माहेरी विश्रांतीस आली आहे." ही विश्रांती चार वर्षं चालली होती. नवऱ्यानं दुसरी आणली आणि मला गाडीत बसवून परत पाठवलं, एवढी साधी गोष्ट. पण ती आबांच्या पत्रात बसत नव्हती. शेवटी, सहीच्या वर, मायसाठी दोन शब्द उरत: "सौ. खुशाल." माय खुशाल आहे का, हे विचारायला पत्र लिहिताना कोणी आत गेल्याचं मला आठवत नाही.

मायच्या मनात एकच गोष्ट होती, आणि ती गोठ्यामागच्या पिंपळाला टांगलेली होती. तांब्याची एक लहान लोटी, तोंडाला फडकं बांधलेली. तिच्यात आज्जाच्या, म्हणजे मायच्या बापाच्या, अस्थी होत्या. माय त्याची एकुलती एक लेक. पाठीवर भाऊ नाही. मरताना त्यानं तिचा हात धरून सांगितलं होतं की मला गंगेत तूच सोड, दुसऱ्या कोणाच्या हातानं नको. मायनं हो म्हटलं. आज्जा गेला, त्याची वालूरकडची काळीभोर जमीन आबांच्या नावावर चढली, आणि लोटी पिंपळावर चढली. "काशीला जाऊ तवा तुझ्या हातानं सोड," असं आबा म्हणाले. त्याला अकरा वर्षं झाली होती. आबांना ती जमीन काही परकी वाटली नाही, आयत्या बिळावर नागोबा बसला तो बसलाच. सर्वपित्री अमावास्येला माय लोटीचं फडकं बदलायची, हात जोडायची आणि पुन्हा कामाला लागायची.

मग ते वर्ष आलं. शेजारगावच्या पाटलानं आदल्या साली षष्ट्यब्दी केली, गावजेवण घातलं, म्हणून आबाही साठ वर्षांचे झाले. एरवी त्यांचं वय कोणालाच माहीत नव्हतं. सरकारी कागदात ते चौपन्न होते. आत्या म्हणायची, नदीला मोठा पूर आला तेव्हा तू पाळण्यात होतास, त्या हिशोबानं अठ्ठावन्न. आमच्या भटजींनी पंचांग उघडलं, आबांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि मार्गशीर्षात साठ भरतात म्हणून सांगितलं. साठी बुद्धी नाठी म्हणतात, पण आबांच्या बाबतीत साठीनं फार काही नेलं नसावं. शेजारचा पाटील काशीला मात्र गेलेला नव्हता. आबांनी ठरवलं की आधी पितृपक्षात काशी करायची आणि मग मार्गशीर्षात एकाच मांडवात काशीचं मावंदं, म्हणजे यात्रेहून आल्यावरचं गावजेवण, आणि षष्ट्यब्दी, दोन्ही उरकायची.

मायनं दोन लुगडी धुऊन घडी घातली. लोटीला नवं लाल फडकं शिवलं. अकरा वर्षांत मी तिला गुणगुणताना पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा. आणि निघायला चार दिवस असताना जेवता जेवता आबा म्हणाले, "तू ऱ्हा."

मायच्या हातात भाकरी होती, ती तशीच राहिली. "ठरलं हुतं की."

"मूग-उडदाची रास कोन करंल? थोरली सून पोटुशी हाय. काशी काय पळून जायलीय का? आन् धाकट्याला न्यायचंय. त्येला जग दिसलं पायजे."

जग दिसायला हैदराबाद त्याला पुरलं नव्हतं. आबाच पुढं म्हणाले, "तुझ्या बापाच्या अस्थी दे हिकडं. मीच सोडतो."

"न्हाई," माय म्हणाली. "म्या बाला शबूद दिलाय. माझ्या हातानं."

"तर मग टांग पिंपळाला," आबा म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं. त्या दिवशी मला त्यांची किळस आली. ती पुढंही कधी गेली नाही, आणि आज सांगायलाही मला संकोच वाटत नाही.

आबा वाजतगाजत गेले आणि महिन्यानं वाजतगाजत आले. मनमाडच्या जरा अलीकडं मोगलाई संपून इंग्रजी मुलूख लागतो, तिथं धाकट्यानं रूमी टोपी काढून साहेबी हॅट घेतली होती. जग पाहून त्यानं डोक्यावरचं तेवढं बदललं होतं. आबांनी गंगेचे गडू आणले, आणि एक सुपारी आणली. तिची हकीकत त्यांनी चावडीवर सगळ्या गावाला सांगितली. यात्रेचा संकल्प जोडप्यानं करायचा असतो. बायको बरोबर नाही म्हटल्यावर तिथल्या पंड्यानं आबांच्या शेल्याच्या पदरात सुपारी बांधली आणि ती कमरेला खोचून सगळे विधी केले. "शास्त्रात बायकू आन् सुपारी येकच," आबा म्हणाले. "हिनं माझ्यासंगट गंगेत सात बुचकळ्या मारल्या. पुण्य दोघायला सारखंच." गाव माना डोलवत होता. बायको मेलेल्या माणसासाठी शास्त्रानं काढलेली ही सोय. इथं जिवंत बायको खळ्यात मूग झोडत होती, पण हे विचारायची छाती एकाही मिशीवाल्याची झाली नाही.

सुपारी देवघरात चांदीच्या वाटीत ठेवली गेली. येईल त्याला आबा ती दाखवत. रोज तिला हळदकुंकू वाहायचं काम त्यांनी मायवर सोपवलं, आणि मायनं ते दोन महिने चुकवलं नाही. आपल्या जागी काशी करून आलेल्या सुपारीला ती रोज सकाळी कुंकू लावायची. तोंडावर काही दिसायचं नाही. मी मात्र तिकडं बघणं टाळायची.

दिवाळी आली, पत्राचा दिवस आला. थोरल्याचा कारभार लिहून झाला, धाकट्याचा सखोल अभ्यास झाला, माझी विश्रांती झाली. मग आबांनी डोळे मिटून सांगितलं, "उभयतांनी काशीयात्रा केली, गंगास्नान केलं. कैलासवासी सासऱ्यांच्या अस्थी सौ.नं स्वहस्ते गंगार्पण केल्या."

माझा टाक थांबला. "आबा, लोटी तर पिंपळाला हाय."

"हाय तर हाय. वालूरचे लोक इचारतेत, जमीन खाल्ली आन् अस्थी न्हेल्या न्हाईत म्हून. कवा तरी जातीलच की. लिव तू."

मी लिहिलं. एकदा नाही, बारादा लिहिलं, ठळक आणि सुवाच्य अक्षरात. भावांना मी नावं ठेवते, पण तहसीलदाराबरोबर हसणारा तो आणि बापाचं खोटं बारादा उतरवणारी मी, यात डावं-उजवं काय होतं? मी टाकलेली मुलगी होते, ताटातली भाकरी आबांची होती, आणि मला तिची भीती होती. एवढंच कारण. मायला वाचता येत नव्हतं, ही त्यात सोय.

मार्गशीर्षातल्या त्या कार्याला आदल्या दिवसापासूनच पाहुणे येऊ लागले. दुपारी वालूरहून मावशी आली, मायची चुलत बहीण. ती विधवा, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या विधीत तिला पुढं बसता येणार नव्हतं. ती नुसतं तोंड दाखवायला आली होती. वालूरच्या बायांबरोबर ती काशीलाच निघाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीत ती आणि तिचा मुलगा पिंगळीला बसणार होते आणि बाकीच्या सेलूला चढणार होत्या. परसात मायच्या पुढं बसून ती म्हणाली, "आक्का, लय बरं केलंस बग. काकाच्या अस्थी सोडल्यास, तुझ्या हातानं. नातवानं पत्र वाचलं तवा मला रडूच आलं. पानी कसं हुतं गंगेचं?"

माय तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं, मावशीकडं नाही, माझ्याकडं. मी भिंतीला टेकून उभी होते. कुठं जाऊ असं मला झालं.

"मसुदा हाय का तुझ्यापशी?" तिनं मला विचारलं. "वाच."

मी कागद आणला आणि वाचला. सगळा वाचला, माझ्या विश्रांतीसकट. मावशीचा हात तोंडावर गेला. मायनं सूप बाजूला ठेवलं.

"किती बारी लिवलंस हे?"

"बारा."

"हात दुखला न्हाई?"

एवढंच ती म्हणाली. सासरहून हाकलून दिलं तेव्हाही मला इतकी लाज वाटली नव्हती. मी तिच्या पायाशी बसून रडले, तर ती म्हणाली, "रडू नगं, तांदळात पानी पडायलंय." आणि मग मावशीकडं वळून, "उंद्या किती वाजता गाडी हाय तुमची?"

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. जिंतूरहून थोरला तहसिलीतल्या दोन साहेबांना घेऊन आला होता आणि त्यांच्या खुर्च्यांमागं उभा होता. धाकटा हॅट घालून पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडत होता. साठ पणत्या ओळीनं लावून ठेवल्या होत्या. मधोमध दोन पाट, रांगोळी, आणि एका पाटावर नवा शेला पांघरून आबा. शेजारगावचा पाटील पहिल्या रांगेत बसवला होता, मुद्दाम. संकल्पाची वेळ झाली तसे भटजी म्हणाले, "यजमानीणबाईंना बोलवा."

माय आली. तिच्या अंगावर नवी पैठणी नव्हती, धुतलेलं जुनं लुगडं होतं. काखेत बोचकं, एका हातात लाल फडक्याची लोटी, दुसऱ्या हातात चांदीची वाटी. ती रिकाम्या पाटापाशी गेली, वाकली, वाटीतली सुपारी तिनं पाटाच्या मधोमध ठेवली आणि तिला हळदकुंकू लावलं. रोजच्यासारखंच.

"ही बसंल तुमच्या शेजारी," ती आबांना म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण मांडव इतका गप्प झाला होता की मागच्या बायांनाही ऐकू गेलं. "काशीला हीच आली हुती. गंगेत हिनंच आंघूळ केली. पुण्य हिचं, मान बी हिचाच. म्या रास करायला थांबले हुते, आता बाला सोडायला जायलेय."

आबांचं तोंड उघडं राहिलं. "अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकायला तुमीच सांगितलंय की, बायकू आन् सुपारी येकच म्हून."

भटजींनी पंचांगात मान घातली. तहसिलीतले साहेब एकमेकांकडं बघू लागले, आणि साहेब हसले तसा थोरलाही हसला. मागून त्याला कळलं की काय झालंय, तेव्हा त्याचं तोंड पाहण्यासारखं झालं. आबा उठले नाहीत. उठता येण्यासारखं नव्हतंच. सुपारी चालत नाही म्हणावं, तर काशी बुडते. बायको आण म्हणावं, तर ती लोटी घेऊन मांडवाबाहेर पडलेली, आणि लोटी सगळ्यांनी पाहिलेली. पत्र वाचून आलेले बारा घरचे पाहुणे समोर बसले होते. शेजारगावचा पाटील घसा खाकरून म्हणाला, "चालू द्या की पाटील, शास्तरच हाय म्हणता तर."

मी मायच्या मागं धावले. मावशीच्या बैलगाडीत बसून आम्ही पिंगळीला गेलो. माय लोटी मांडीवर धरून बसली होती, खाचखळगा आला की दुसरा हात वर ठेवायची. तिकिटं मावशीच्या मुलानं काढली. माय त्याआधी आगगाडीत कधी बसली नव्हती. इंजिन आलं तेव्हा ती दोन पावलं मागं सरली, मग लोटी पोटाशी धरून चढली. गाडी हलताना ती खिडकीतून मला म्हणाली, "फुडल्या पत्रात काय लिवशील?"

"खरं लिहीन."

"बघू," माय म्हणाली. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता, आणि तो का असावा?

मी परत आले तेव्हा दुपार कलली होती. आबा अजून पाटावरच होते. त्यांच्या शेल्याच्या गाठीत सुपारी बांधलेली होती आणि पणत्यांनी ओवाळणं चालू होतं. जेवणावळी रात्रीपर्यंत चालल्या. लोक पोटभर जेवले, त्याहून पोटभर हसले.

माय सव्वा महिन्यानं परत आली. हडकली होती, पायाला फोड आले होते. आबा तिच्याशी बोलले नाहीत, ती त्यांच्या ताटात वाढत राहिली. काही दिवसांनी मीच विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, "पानी लय गार हुतं. लोटी उलटी केली तर बा लगीच निघंना, तळाला चिकटून बसला हुता. मंग बोटानं सोडवला." आणि ती डोळे पुसायला नाही, भाकरी उलटायला वळली.

पुन्हा दिवाळी आली. भाऊबीज झाली. आबा लोडाला टेकले, तबक ओढलं, "दौत घे गं." षष्ट्यब्दी थाटात झाली. थोरल्याला वरिष्ठांची मर्जी लाभली. धाकट्यानं कायदा सोडून व्यापाराचा विचार चालवला. कन्या तूर्त विश्रांतीस. सौ. खुशाल. मी सगळं लिहिलं, आणि मग आत जाऊन प्रती काढल्या. प्रत्येकीत "सौ. खुशाल"च्या खाली, सहीसाठी सोडलेल्या जागेच्या वर, मी आणखी पाच ओळी घातल्या: "मागील पत्रात सासऱ्यांच्या अस्थींबद्दल लिहिलं होतं ते खोटं होतं. तेव्हा लोटी पिंपळालाच होती. या साली मायनं काशीला जाऊन त्या आपल्या हातानं सोडल्या. मी विश्रांतीस आलेली नाही, मला नवऱ्यानं टाकलं आहे. दोन्ही पत्रांतलं अक्षर माझं आहे."

माय चुलीपाशी होती. मी तिला हळू आवाजात त्या पाच ओळी वाचून दाखवल्या. तिनं पीठ मळायचं थांबवलं नाही. "किती बारी लिवलंस?" तिनं विचारलं.

"बारा."

"मंग जा. सही घे."

मी कागद ओसरीवर नेले. आबा पानाला चुना लावत होते. एका हातानं पान सांभाळत, एकाही कागदाकडं न बघता, त्यांनी बाराही प्रतींखाली आपली ती वळणदार सही ठोकली.